देवस्थळींचं लिनक्स, व्हाया मनोरी

श्रेयसने ‘काका’ म्हटलं नसतं तर अनंत देवस्थळी त्या मीटिंगमध्ये तोंड उघडणारच नव्हते. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचा सगळा दोष श्रेयसचा, हे देवस्थळींचं मत आजही कायम आहे. त्यांच्या पत्नी जयंतीबाईंचं मत वेगळं आहे, पण ते इथे देण्यासारखं नाही.

देवस्थळी अंधेरीच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहेत. कंपनी लिफ्टचे सुटे भाग विकते. श्रेयस तिथला कंप्युटर विभागाचा प्रमुख, वयाने देवस्थळींच्या भाच्याएवढा, स्वभावाने गोड. गोड माणसांनी केलेला अपमान अंगाला जास्त चिकटतो. त्याने जाहीर केलं, की गोदामाचं काम आता विंडोजवरून लिनक्सवर जाणार, तेव्हा सगळ्यांनी ट्रेनिंगला बसायचं. मग देवस्थळींकडे बघून तो प्रेमाने म्हणाला, “काकांना सूट आहे हं. काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, तुमचं काम आम्ही पोरं करून देऊ.”

खोलीत कुणीतरी “ऑऽऽ” असा आवाज काढला. लोक मांजराच्या पिल्लाला बघून काढतात तसा.

“सूट नको,” देवस्थळी म्हणाले. “मी घरी शिकतो. सोमवारी दाखवतो.”

“अरे वा! मग घरच्या कंप्युटरवर व्हर्च्युअल मशीन टाका,” श्रेयस म्हणाला. “म्हणजे कसं, तुमचं विंडोज आहे तसंच राहतं आणि त्याच्या पोटात, एका खिडकीत, दुसरा खोटा कंप्युटर चालतो. त्याच्यात लिनक्स. कितीही उचापती करा, खऱ्या कंप्युटरला काही होत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.”

अर्ध्या तासाचं काम! देवस्थळींच्या बोरिवलीच्या घरात गीझर बसवणं हेही अर्ध्या तासाचं काम होतं आणि त्यात बाथरूमची भिंत गेली होती. पण अपमानित माणसाला असल्या आठवणी वेळेवर येत नाहीत.

घरी एकच कंप्युटर, आणि तो जयंतीबाईंचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवतात. त्या शनिवारी त्यांच्या वर्गाचं वार्षिक संमेलन होतं. टोरांटोची सई, डॅलसचा ओजस अशा कुठकुठल्या मुलांनी नाटुकली आणि कविता रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या. ओजस झाड झाला होता आणि “माला तोडू नाका” असं कळवळून म्हणत होता. जयंतीबाईंनी दीड महिना खपून हे सगळं एकत्र जोडलं होतं आणि ते त्या कंप्युटरमध्ये होतं. फक्त त्या कंप्युटरमध्ये.

“शनिवारपर्यंत माझ्या कंप्युटरला हात लावायचा नाही,” त्यांनी बजावलं होतं.

बुधवारी त्या बहिणीकडे घाटकोपरला मुक्कामाला गेल्या. देवस्थळींनी रजा टाकली. हात लावला.

सुरुवात झकास झाली. खोटा कंप्युटर बनवणारा प्रोग्राम उतरला, लिनक्सची फाइल उतरली. मेमरी किती, डिस्क किती असं त्याने अदबीने विचारलं आणि देवस्थळींनी उदार मनाने दिलं. मग ‘स्टार्ट’ दाबलं आणि पाटी आली, की तुमच्या मशीनमध्ये ही सोय बंद केलेली आहे, ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करा.

नेमके त्याच वेळी शेजारचे गुणाजी तावडे पेपर परत द्यायला आले. गुणाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे कणकवलीचे. ज्यातून वायर जाते त्या प्रत्येक वस्तूचं आपल्याला ज्ञान आहे अशी त्यांची समजूत होती, आणि बिल्डिंगमध्ये ती कुणी आजवर खोडली नव्हती, कारण खोडायला गेलं की चहापाणी धरून दोन तास जातात.

“बायोस ना? मेल्या, त्यात काय!” गुणाजी खुर्ची ओढून बसले. “चालू होताना डिलीटचं बटण दाबून ठेवायचं. धर.”

धरलं. निळी स्क्रीन आली, सगळी बारीक इंग्रजीत. माउस चालेना. बाणांची बटणं दाबत दाबत ती सोय सापडली आणि देवस्थळींनी ती चालू केली. इथे थांबायला हवं होतं. हे वाक्य देवस्थळींनी पुढच्या काही दिवसांत इतक्या वेळा मनाशी म्हटलं, की आता ते त्यांना झोपेतही म्हणता येतं.

“ही खाली सिक्युरिटी कसली?” गुणाजी चष्मा वर करून म्हणाले. “तीच अडवत असतली. बंद कर.”

“सिक्युरिटी बंद करायची?”

“घरातल्या कंप्युटरला कोण चोर येणार? दाराला लॅच आहे ना?”

लॅच होतं. देवस्थळींनी बंद केली. मग कंप्युटरने विचारलं, की चिपमध्ये साठवलेल्या जुन्या किल्ल्या पुसून टाकू का?

“जुन्या कशाला ठेवायच्या?” गुणाजी म्हणाले. “पूस.”

पुसल्या.

कंप्युटर पुन्हा सुरू झाला तो वेगळ्याच निळ्या रंगात. देवस्थळींनी पाटी दोनदा वाचली. तुमच्या डिस्कला कुलूप आहे, असं ती म्हणत होती. उघडायचं असेल तर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका.

“कसलं कुलूप?” गुणाजी म्हणाले.

कुलूप कंप्युटर घेतला तेव्हापासूनच होतं. रोज चिपमधल्या किल्लीने गुपचूप उघडत होतं, आणि त्यांनी आत्ताच ती पुसली होती. जाऊन सिक्युरिटी परत चालू केली. पाटी जाईना. बंद करून चालू केलं, वायर काढून लावली. गुणाजींनी टेलिफोन खात्यातल्या जुन्या उपायाने कंप्युटरच्या पाठीवर एक थाप मारली. निळी पाटी ढिम्म.

“देवस्थळी,” गुणाजी उठत म्हणाले, “माका वाटतां, तुझी वाट लागली.” आणि पेपर तिथेच ठेवून गेले.

सुटकेचा एक मार्ग पाटीवरच लिहिला होता. किल्लीची एक प्रत तुमच्या इंटरनेटवरच्या खात्यात आहे, असं तिथे म्हटलं होतं. देवस्थळींच्या नावाचं असं खातं होतं खरं. कंप्युटर घेताना दुकानदाराने उघडून दिलं होतं. त्याचा पासवर्ड काय, हे दुकानदारालाच ठाऊक, आणि ते दुकान आता मोमोंचं झालं होतं. ‘पासवर्ड विसरलात?’ असं लिहिलं होतं तिथे त्यांनी मोबाइलवर बोट दाबलं. खात्याने तत्परतेने ओटीपी पाठवला. त्यांच्या जुन्या नंबरवर.

तो नंबर देवस्थळींनी ऑफिसने नवा दिला तेव्हा सोडला होता, तीन वर्षांपूर्वी. नवा नंबर त्यांनी बँकेला, गॅसवाल्याला आणि सोसायटीला कळवला. बाकी ज्याला गरज असेल तो शोधून काढील, असा त्यांचा हिशेब होता.

गुरुवारी सकाळी ते मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, हा नंबर दुसऱ्या कस्टमरला दिला गेलाय.”

“पण माझा आहे तो.”

“होता, सर.”

“मग आता कोणाकडे आहे?”

“ते सांगता येणार नाही, सर. प्रायव्हसी असते.”

“माझ्या नंबरची प्रायव्हसी माझ्यापासूनच?”

“हो, सर,” ती म्हणाली, आणि त्या ‘सर’मध्येही देवस्थळींना ‘काका’ ऐकू आलं.

घरी येऊन त्यांनी खात्याच्या मदत केंद्राला फोन लावला. एका यंत्राने त्यांना एक दाबायला सांगितलं, मग चार, मग पुन्हा एक. शेवटी कळलं, की अर्ज करा, ओळख पटल्यास तीस दिवसांत कळवू. संमेलन परवावर आलं होतं.

“त्यापेक्षा त्या नंबरलाच फोन कर ना,” गुणाजी दारातून म्हणाले. आता ते घरात येत नव्हते, दारातूनच सल्ला देत होते.

देवस्थळींना ते मुळी सुचलंच नव्हतं. स्वतःच्या नंबरला फोन लावायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात येईल? लावला. पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला.

“कोण?”

“नमस्कार. मी अनंत देवस्थळी बोलतोय. आपला हा नंबर पूर्वी माझा होता. आपल्याला आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा जरा...”

“ओटीपी?” बाई म्हणाल्या. “मेल्या, भरदुपारी दुसरं कोण नाय भेटला? आमच्या गावात पोलीस येऊन सांगून गेलेत, ओटीपी सख्ख्या नवऱ्याला पण सांगायचा नाय. आणि देवस्थळीचं नाव लावतोस? लाज नाय वाटत?” फोन बंद.

पुन्हा लावला तर लागेना. गुणाजींनी आपल्या फोनवरून लावला आणि अधिकारवाणीने सुरुवात केली, “मी टेलिफोन खात्यातून...” बाई म्हणाल्या, “टोळी आहे तुमची! नंबर लिहून घेतलाय मी.” त्यानंतर गुणाजींचाही फोन लागेना आणि ते दारातूनही नाहीसे झाले.

संध्याकाळी जयंतीबाई परत आल्या. देवस्थळींनी सांगण्याची सोयीस्कर सुरुवात शोधून ठेवली होती, पण कंप्युटर हॉलमध्ये होता आणि पाटी निळी होती. बाईंनी चप्पल काढता काढता ती वाचली. ओट्याजवळ जाऊन पाणी प्यायल्या. मग येऊन समोर बसल्या.

“ओजसची आई रात्रपाळी करते,” त्या म्हणाल्या. “पोराला झाड करायला तिने पुठ्ठे रंगवले. सुट्टीच्या दिवशी. मी तिला काय सांगू? आमच्या यांना ऑफिसात कोणीतरी काका म्हटलं?”

देवस्थळींना अर्ध्या तासाचं वगैरे सांगायचं होतं. ते निळ्या पाटीकडे बघत राहिले. खोट्या कंप्युटरच्या नादात खरा घालवला होता, आणि त्यातल्या पोरांच्या कविता. आपण सूट घ्यायला हवी होती, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. नुसत्या ट्रेनिंगमधूनच नव्हे, एकूणच.

जयंतीबाईंनी नंबर मागितला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. “ताई, मी त्या देवस्थळींची बायको,” त्या म्हणाल्या. “नाही, चोर नाहीत हो. मूर्ख आहेत.” पलीकडे बराच वेळ काहीतरी चाललं. जयंतीबाई मध्येच हसल्या, हे देवस्थळींना अतिशय लागलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “वनमालाताई म्हात्रे. खाडीपलीकडे, मनोरीला राहतात. म्हणतात, माणूस आधार कार्ड घेऊन समोर बसला पाहिजे, मग बघू. उद्या सकाळी निघायचं.”

शुक्रवारी दोघं मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीत बसले. जयंतीबाई पाण्याकडे बघत होत्या आणि देवस्थळी आधार कार्डाकडे. त्यातल्या फोटोतला माणूस त्यांना स्वतःलाही संशयास्पद वाटत होता.

वनमालाताई सुट्टीला येणाऱ्या लोकांना दोन खोल्या भाड्याने देतात आणि जेवण करून घालतात. धिप्पाड बाई, केसांत अबोलीचा गजरा. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, देवस्थळींच्या तोंडाशी नेलं, परत उजेडात धरलं.

“म्हणजे अनंत देवस्थळी तू?” त्या म्हणाल्या. “मला वाटलेलं उंच असशील.”

“का बरं?”

“तीन वर्षं तुझे फोन घेते मी. बस इथे. तुझी शाळा दोनदा जमली, एकदा हॉटेलात, एकदा कुणाच्या फार्महाउसवर. मी सांगितलं, इथे नाय राहत तो. कुलकर्णी मास्तर गेले तेव्हा पण फोन आलेला. तुझ्या वाढदिवसाला एक जण गाणं म्हणतो, फोन कोण उचललाय ते ऐकतो पण नाय.”

कुलकर्णी सर गेले? देवस्थळी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसेच बसून राहिले. पण दुःख करायलाही फुरसत नव्हती. ओटीपी मागवायचा होता आणि घरात रेंज नव्हती. वनमालाताईंनी सांगितलं, की मागच्या अंगणात, बोंबील वाळत घातलेत त्या काठ्यांपाशी रेंज येते. तिघं तिथे गेले. देवस्थळींनी आपल्या मोबाइलवरून ओटीपी मागवला. वनमालाताईंच्या फोनमध्ये टिंग झालं. त्या चष्मा आणायला घरात गेल्या. परत आल्या तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या वेळी त्यांनी आकडे मोठ्याने वाचले, पण बोंबलावर कावळा बसला म्हणून मध्येच “हाऽऽड!” केलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागल्या. तिसऱ्या वेळी देवस्थळींचाच अंगठा चुकला. खातं म्हणालं, की आपण फार वेळा प्रयत्न केलात, नंतर या.

“नंतर म्हणजे कधी?” जयंतीबाईंनी विचारलं.

“ते नाही लिहिलेलं,” देवस्थळी म्हणाले, आणि बोंबलांच्या काठीला धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. वासाने, असं ते म्हणाले.

वनमालाताईंनी त्यांना जेवायला बसवलं. देवस्थळी मासे खात नाहीत हे कळल्यावर वाटाण्याची उसळ केली, पण त्यांच्या बघण्यात बदल झाला. माणूस अनंत देवस्थळीच आहे, पण अनंत देवस्थळी हा एवढाच आहे, असं त्यांना कळून चुकल्यासारखं. वाढता वाढता त्या म्हणाल्या, “धोंडू राणे तुझा कोण?”

“शाळेतला मित्र. एका बाकावर होतो.”

“त्याची बायको गेली तेव्हा त्याने तुला फोन केलेला. मी सांगितलं, राँग नंबर. तरी तो बोलतच राहिला. मी पण मग ठेवला नाय. ठेवायचा कसा? माझा नवरा पण तसाच गेलेला, अचानक.” त्यांनी जयंतीबाईंच्या ताटात भात वाढला. “आता महिन्या-दोन महिन्यांनी करतो. पोरीचं लग्न जमलं ते पण सांगितलं. माणूस चांगला आहे तो.”

“कुठे असतो हल्ली?” देवस्थळींनी विचारलं.

“मित्र तुझा, आणि मी सांगू? जोगेश्वरीला. काल तुझा फोन आला ना, तेव्हा त्याला लगेच सांगितलं मी, अनंताच्या नावाने एक चोर ओटीपी मागतोय, सांभाळून राहा. आता चोर नाय ते तू सांग त्याला. मी नाय सांगणार.”

देवस्थळी रोज ऑफिसला जाताना जोगेश्वरीवरूनच जातात.

दुपारी खात्याचा राग निवळला. या वेळी जयंतीबाईंनी दोन्ही फोन आपल्याकडे घेतले, देवस्थळींना लांब उभं केलं आणि एका झटक्यात काम केलं. किल्ली आली. घरी येऊन त्यांनीच ती टाकली आणि निळी पाटी गेली. झाड, कविता, नाटुकली, सगळं जागच्या जागी होतं. शनिवारचं संमेलन उत्तम झालं. ओजस “माला तोडू नाका” म्हणाला तेव्हा डॅलसहून, टोरांटोहून, आणि जयंतीबाईंनी लिंक पाठवली होती म्हणून मनोरीहूनही टाळ्या पडल्या. देवस्थळींनी त्या आतल्या खोलीतून ऐकल्या. त्यांना बाहेर यायला सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी जयंतीबाई म्हणाल्या, “आता टाका तुमचं ते. सगळं मी दुसरीकडे उतरवून ठेवलंय. एवढं रामायण करून ते पण झालं नाही, तर तुमच्याबरोबर राहणं कठीण होईल.”

बायोसमधली ती सोय चालू झालेलीच होती. ‘स्टार्ट’ दाबलं आणि खिडकीच्या आत खिडकी उघडून लिनक्स निमूटपणे बसायला लागलं. देवस्थळींना आनंद व्हायला हवा होता. पट्टी हळूहळू सरकत होती आणि हातात फोन होता. शुक्रवारपासून वनमालाताईंनी दिलेला धोंडूचा नंबर त्यांनी अनेकदा काढून परत ठेवला होता. तीन वर्षांनी काय म्हणायचं? उशिरा कळलं? कळवणाऱ्याने तर वेळेवर कळवलं होतं. शेवटी लावला.

“कोण?” धोंडूचा आवाज आला.

“धोंडू, मी अनंत.”

मग धोंडू सावकाश म्हणाला, “हां. बोल. ओटीपी पाहिजे?”

“अरे, नाही रे! मी खरंच अनंत. देवस्थळी.”

“मला वनमालाताईंनी सांगून ठेवलंय. बायको मेल्याचं कळलं असेल तुला, आता इन्शुरन्सचं विचारशील. विचार, विचार.”

“धोंडू, शप्पथ, मी अनंत आहे.”

“असशील तर सांग, कुलकर्णी सरांनी आपल्याला बाकावर का उभं केलं होतं?”

“तू फळ्यावर त्यांचं चित्र काढलंस.”

“आणि?”

“आणि मी खाली नाव लिहिलं. र्‍हस्व-दीर्घ चुकवून. सर म्हणाले, चित्राचं माफ करतो, कुलकर्णीतला दुसरा उकार कोणाचा?”

मग धोंडूने एक अस्सल शिवी हासडली, शाळेतलीच, आणि म्हणाला, “कुठे होतास रे?”

उत्तराची वाट न बघता धोंडू बोलतच सुटला. बायकोचं दुखणं, पोरीचं सासर, सरांच्या अंत्ययात्रेला कोण कोण होतं, कुणाच्या बायपास झाल्या. देवस्थळी हं हं करत होते, मध्येच चष्मा काढून पुसत होते, आणि समोर लिनक्स विचारत होतं ते एका हाताने भरत होते. नाव: अनंत. पासवर्ड टाका. तोच पुन्हा टाका. पुढे. पुढे. फोन ठेवला तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि मशीन तयार होतं. मधोमध ‘अनंत’ असं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

देवस्थळींनी नेहमीचा पासवर्ड टाकला. चूक. जयंतीबाईंचा वाढदिवस टाकला. चूक. धोंडूचं नाव, शाळेचं नाव, शिवीसुद्धा टाकून पाहिली.

“पण दोनदा टाइप केलात ना?” जयंतीबाई म्हणाल्या. “दोन्ही वेळा एकच टाकल्याशिवाय ते पुढे गेलं कसं?”

“तेव्हा माहीत होता मला,” देवस्थळी म्हणाले.

सोमवारी त्यांनी त्या चौकटीचा फोटो श्रेयसला दाखवला आणि खरं काय ते सांगितलं. श्रेयस हसला नाही. गोडपणाने म्हणाला, “पुसून नवीन टाका, काका. अर्ध्या तासाचं तर काम आहे.”

“उद्या मी रजा टाकतोय,” देवस्थळी म्हणाले.

“लिनक्ससाठी?”

“जोगेश्वरीला जायचंय.”

“जोगेश्वरी?” श्रेयसने खिडकीकडे पाहिलं. “काका, ते तर पुढचंच स्टेशन आहे. संध्याकाळी जाता जाता उतरा की.”

“नाही,” देवस्थळी म्हणाले. “जाता जाता नको.”